न पडलेला रुपया

इतिहास आणि कॉमर्स यांचं फारसं जमत नाही. सनावळ्या ज्यांच्या डोक्यात राहत नाहीत ते कॉमर्सला जातात आणि बेरजा ज्यांना जमत नाहीत ते इतिहासाला, अशी एक ढोबळ वाटणी आमच्या कॉलेजात होती. मी बी. कॉम. झालो. कसा झालो ते विचारू नये. पुढे बँकेत चिकटलो आणि गेली वीसेक वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या बाजूचं जग पाहतो आहे. अशा माणसाने एका अरबी शहराच्या इतिहासावर लिहायचं म्हणजे हलवायाने पोहण्यावर व्याख्यान देण्यासारखंच आहे. पण त्या शहराची माहिती जसजशी होत गेली तसतशी माझी खात्री पटली, की हा विषय मुळात इतिहासकारांचा नव्हेच. तलवारी बेताच्या, वेढे नाहीत, आणि तह आहेत तेही बरेचसे व्यापाराचे. हा सबंध इतिहास एका जाडजूड लेजरात बसतो. डावीकडे नावे, उजवीकडे जमा.

ते शहर म्हणजे दुबई.

दुबई म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे सोनं येतं, सेल येतो आणि काळा चष्मा लावून फोनवर बोलणारा हिंदी सिनेमातला खलनायक येतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पासबुकं येतात. माझी शाखा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी आहे. गावात घरटी एक माणूस आखातात. मुंबईला असतो तो 'मुंबैकर', पुण्याला असतो तो 'शिकायला', आणि बाकीचे सगळे 'दुबईला'. मग तो खरोखर कुवेतला असो की मस्कतला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या आया, बायका आणि म्हातारे वडील रांगेत उभे राहतात, पासबुक पुढे सरकवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "आला काय?" पैसा आला काय, असं त्यांना म्हणायचं असतं. पण त्या विचारण्यात असा काही सूर असतो की नवा माणूस दचकून दाराकडे बघेल.

तेव्हा धाकट्या मेहुण्याने, "भावोजी, ताईला घेऊन आठ दिवस या इकडे," असा फोन केला तेव्हा मी रजेचा अर्ज टाकला तो केवळ पाहुणचारासाठी नव्हे. ही सगळी पासबुकं भरतात कुठून, ते एकदा पाहून घ्यावं असं मनात होतं. सौभाग्यवतींच्या मनात काय होतं ते परतीच्या सामानाच्या वजनावरून विमान कंपनीला कळलं.

आता हा 'अर्ज'च बघा. हा शब्द अरबी. बँकेत नुसती नजर फिरवली तरी अरबस्तानात बसल्यासारखं वाटायला हवं, इतके शब्द आपण तिकडून उचलले आहेत. रक्कम, हिशोब, जमा, बाकी, नफा, वसूल, तारीख, दाखला, ऐवज, मालक, सगळे अरबी. कर्ज अरबी, जामीन अरबी आणि ते दोन्ही फसल्यावर येते ती जप्तीही अरबी. फक्त 'व्याज' तेवढं आपलं संस्कृत. याउलट अरब लोक आपल्या आकड्यांना आजही 'हिंदी आकडे' म्हणतात. म्हणजे आकडे आपण दिले, हिशोब त्यांनी केला. आज कुठं कोण आहे ते पाहता या व्यवहारात फायद्यात कोण राहिलं ते सांगायला नको.

खुद्द 'दिरहम'चंच घ्या. ग्रीकांचं द्राख्मा नावाचं एक नाणं होतं. ते पश्चिमेकडून अरबांकडे गेलं ते दिरहम झालं आणि आपल्याकडे आलं ते 'द्रम्म' झालं. कोकणात शिलाहारांचं राज्य होतं तेव्हाच्या लेखांत हे द्रम्म आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सोळा पणांचा एक द्रम्म होतो. या द्रम्माचाच घासून घासून पुढे 'दाम' झाला. तेव्हा दुबईच्या विमानतळावर मी हातात दिरहम घेतले ते परकं चलन म्हणून घेतले नाहीत. लांबच्या चुलतभावाला भेटावं तसे घेतले. चुलतभाऊ मात्र श्रीमंत निघाला. मला एका दिरहमला तेवीस रुपये मोजावे लागले. काउंटरमागच्या पोऱ्याने ते घेताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखली. फाटकी नोट बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे मी तशीच बघतो.

दुबईचा जन्म भाऊबंदकीतून झाला, हे कळल्यावर मला ते गाव एकदम जवळचं वाटायला लागलं. १८३३ साली बनी यास टोळीतली आठशेएक माणसं अबू धाबीच्या शेखाशी बिनसलं म्हणून उठली आणि किनाऱ्याने वर येऊन एका खाडीच्या तोंडाशी राहिली. आपल्याकडे भाऊबंदकीतून फार तर वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहते. तिकडे गाव उभं राहिलं. त्या वेळी तिथं होतं काय? तर एक मातीचा किल्ला, खजुराच्या झावळ्यांची घरं, मासे आणि उन्हाळा. पिण्याच्या पाण्याचीही बोंब. अशा जागी भांडवल म्हणून दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खाडी. आणि एक गुण होता, तो म्हणजे येणाऱ्या माणसाला 'तू कोण, कुठला' असं न विचारण्याचा.

हा गुण पुढे फार कामाला आला. १९०२ च्या सुमारास समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगे नावाच्या बंदरात जकात वाढली. व्यापारी वैतागले. दुबईच्या शेखाने आपल्याकडची जकात काढून टाकली आणि त्यांना निरोप पाठवला, या. व्यापारी आले. बस्तक नावाच्या गावाहून आले म्हणून त्यांच्या वस्तीला बस्तकिया म्हणू लागले. त्यांची घरं अजून उभी आहेत. प्रत्येक घरावर वारा पकडणारा चौकोनी मनोरा. वरून आलेली झुळूक खाली खोलीत उतरते. विजेचं बिल शून्य. मी त्या मनोऱ्याखाली पाच मिनिटं उभा राहिलो. मेहुण्याच्या घरचा एसी बरा, असं माझं प्रामाणिक मत झालं. पण ते मी बोललो नाही. वारसा पाहायला गेल्यावर काही पथ्यं पाळावी लागतात.

त्या काळी दुबई जगत होती ती मोत्यांवर. उन्हाळ्याचे चार महिने गलबतं समुद्रात जात. नाकाला चिमटा, पायाला दगड आणि एका दमात तळाला. गलबताचा कप्तान तो नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच, फक्त कपडे बदललेला. मोती निघाले की बाजार कुठला? मुंबई. गलबतांचं लाकूड कुठलं? आपल्या मलबारचा साग. तांदूळ कुठला? हिंदुस्थानातला. म्हणजे मोती त्यांचे, बाकी सगळं आपलं.

पण मला त्या मोत्यांपेक्षा त्यामागची कर्जाची पद्धत बघून जास्त घाम फुटला. पाणबुड्या समुद्रावर जाण्याआधी नाखुदाकडून उचल घेई, कारण मागे चार महिने घरच्यांनी खायचं काय? हंगाम संपला की हिशोब होई. हिशोब नाखुदा मांडे. पाणबुड्याला लिहिता-वाचता येत नसे. बाकी निघे ती नेहमी पाणबुड्याच्याच नावावर. मग पुढल्या वर्षी ती फेडायला पुन्हा समुद्र. आणि बाप गेला तर ते कर्ज मुलाच्या डोक्यावर. आमच्याकडे दोन जामीनदार, सात-बारा आणि तीन वर्षांची विवरणपत्रं घेऊनही कर्ज बुडतं. तिथं कागदाचा कपटा नव्हता, पण थकबाकी म्हणून राहत नसे. वसुली अधिकाऱ्यांच्या परिषदेत हे कुणी सांगू नये. नसते विचार डोक्यात यायचे.

१९२९ नंतर जगात मंदी आली आणि त्याच सुमारास जपानी माणसाने पिकवलेले मोती बाजारात आले. शिंपल्याला फसवून मोती काढायचा हा उद्योग जपानात मिकिमोटोने १८९३ सालीच साधला होता. त्याचा माल आता ढिगाने येऊ लागला. दुबईतले सावकार बुडाले, नाखुदा बुडाले. पाणबुडे तेवढे वर आले, पण किनाऱ्यावर खायला काही नव्हतं. सुखाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पान चुकवू नये. आज जिथे जेवणावळीत सोन्याचा वर्ख लावून आइस्क्रीम देतात, तिथे त्यांच्या आजोबांनी उपास काढले आहेत.

आता आपल्या रुपयाकडे येतो. माझ्या दृष्टीने खरा इतिहास इथं सुरू होतो.

आखातावर साहेबाची नजर होती ती लंडनमधून नव्हे, मुंबईतून. समुद्री चाचे माजले म्हणून १८१९ साली आरमार गेलं ते मुंबईहून, आणि १८७३ पर्यंत आखाताचा कारभार मुंबई सरकारच्या दप्तरात होता. तिकडच्या एखाद्या शेखाने कागद पाठवला की तो आपल्या फोर्टातल्या कुठल्या तरी टेबलावर येऊन पडत असणार, आणि फोर्टातली टेबलं मला माहीत असल्यामुळे तो तिथे किती दिवस पडून राहत असेल याची मला कल्पना आहे. १९०९ साली दुबईत टपाल कचेरी उघडली ती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची. तिकिटं आपली, शिक्का आपला. फाळणीनंतर काही महिने ती कचेरी पाकिस्तानकडे गेली आणि मग साहेबाने आपल्या तिकिटांवर 'आणे' छापून ती चालवली. राणीचं डोकं आणि वर आण्यांचा भाव, असं ते तिकीट. आणि चलन? चलन म्हणजे रुपया. आपला रुपया. कुवेतपासून मस्कतपर्यंत बाजारात तोच चाले. दुबईच्या म्हाताऱ्या लोकांच्या तोंडी अजून 'रुबिया' हा शब्द आहे, कारण अरबीला 'प' येत नाही. ओमानमध्ये तर आजही रियालच्या सुट्ट्या नाण्याला 'बैसा' म्हणतात. आपला पैसा तिथं बैसा होऊन बसला आहे.

मग भानगड झाली सोन्याची. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सोन्याच्या आयातीवर बंदी. दुबईत तसली कुठलीच बंदी नाही. तिथं सोनं उजळ माथ्याने येई, उजळ माथ्याने गलबतात चढे, आणि आपल्या हद्दीत शिरताक्षणी स्मगलिंग होई. एकच वीट, सकाळी व्यापार आणि रात्री गुन्हा. त्या लगडी तरी कसल्या? दहा-दहा तोळ्यांच्या. म्हणजे ११६.६४ ग्रॅम. दुसरं कुठलं जग तोळ्यात मोजतं हो? या सोन्याच्या बदल्यात रुपयाच्या नोटा आखातात जात. तिथून त्या बँकांमार्फत आपल्या रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि 'आमचे पौंड द्या' म्हणत. म्हणजे आपल्या आयाबहिणींच्या मंगळसूत्रांसाठी सरकारची परकी गंगाजळी आटायला लागली.

यावर १९५९ साली सरकारने जी युक्ती काढली तिला कुठलाही बँकवाला दाद देईल. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या. नक्षी तीच, रंग निराळा, आणि नंबराच्या आधी 'झेड' हे अक्षर. या नोटा आखातात चालायच्या, आपल्याकडे नाही. एक रुपयाची लाल, शंभराची हिरवी. हज यात्रेकरूंसाठी 'एचए' अक्षरांच्या आणखी निराळ्या. थोडक्यात, सासरी गेलेल्या रुपयाला वेगळं नेसवलं आणि माहेरी यायचं तर असं वाटेल तेव्हा यायचं नाही, असं बजावलं.

हे सात वर्षं चाललं. ६ जून १९६६ रोजी आपल्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४.७६ होते ते ७.५० झाले. इकडे त्यावर सभा झाल्या, अग्रलेख झाले. तिकडे आखातात मात्र लोकांची पेटीतली पुंजी कुणाच्या अध्यात ना मध्यात असताना एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरली. दिल्लीत कुणीतरी सही करतो आणि दुबईच्या बोळातल्या मसालेवाल्याचा गल्ला हलका होतो, हे कुणाला आवडेल? त्यांनी रुपया सोडला. कुवेतने १९६१ साली आणि बहारीनने १९६५ सालीच काडीमोड घेतला होता. ओमान तेवढा १९७० पर्यंत टिकला. दुबईने कतारशी मिळून नवा रियाल काढला आणि त्याची किंमत ठेवली ती अवमूल्यनाच्या आदल्या दिवशी रुपयाची होती तीच. १९७१ साली अमिराती एकत्र आल्या, १९७३ साली दिरहम आला आणि तो त्या रियालशी एकास एक बदलला गेला.

वाचकहो, कॉमर्सच्या माणसाला आयुष्यात साक्षात्काराचे प्रसंग कमी. मला तो दुबईच्या खाडीकाठी बाकावर बसून झाला. म्हणजे हा जो दिरहम मी तेवीस रुपये देऊन घेतला, तो वंशाने रुपयाच. १९६६ साली जो पडला तो आपल्याकडे राहिला. जो पडला नाही तो दिरहम झाला. पुढे डॉलरच्या उलथापालथी झाल्या, आणि १९९७ पासून तो डॉलरला ३.६७२५ अशा चार दशांश स्थळांपर्यंत बांधला गेला आहे, हा भाग वेगळा. मी हा साक्षात्कार सौभाग्यवतींना सांगितला. त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच घेऊन ठेवायचे होते."

१९६६ सालीच दुबईच्या समुद्रात तेल लागलं. त्या तेलक्षेत्राचं नाव फतेह. आपल्या 'फत्ते'चा सख्खा भाऊ. लोकांना वाटतं, तेल निघालं म्हणून दुबई झाली. खरा प्रकार उलटा आहे. खाडी गाळाने भरत चालली तेव्हा शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून १९५९ ते १९६१ या काळात ती उपसून घेतली. तेलाचा थेंब नसताना. तारण काय, तर चिखल. माझ्यासमोर ते प्रकरण आलं असतं तर मी 'उत्पन्नाचं साधन अस्पष्ट' असा शेरा मारून फाइल परत पाठवली असती. बरं झालं, दुबईला आमची शाखा नव्हती.

कर्जाचं हे बाळकडू त्यांना जरा जास्तच मानवलं. २००९ च्या नोव्हेंबरात दुबईच्या सरकारी कंपनीने धनकोंकडे मुदत मागितली आणि जगभरचे बाजार कोसळले. डिसेंबरात अबू धाबीने एक हजार कोटी डॉलर दिले. जिच्याशी बिनसून आठशे माणसं निघाली होती तीच ही अबू धाबी, हे ध्यानात घ्या. शेवटी संकटात भावकीच कामाला आली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, ८२८ मीटर उंचीच्या 'बुर्ज दुबई'चं उद्घाटन झालं आणि आयत्या वेळी पडदा सरला तो 'बुर्ज खलिफा' या नावावरून. खलिफा म्हणजे अबू धाबीचे तेव्हाचे शेख. हात देणाऱ्याचं नाव इमारतीला दिल्याचा एवढा उंच दाखला दुसरा नसेल. आपल्याकडे जामीनदाराला साधा चहासुद्धा कुणी विचारत नाही.

असं हे शहर. आता त्याच्या सुखाचं.

२०१६ च्या फेब्रुवारीत त्या देशाने सुखासाठी चक्क एक मंत्री नेमल्या. राज्यमंत्री, सुख. अरबीत सुखाला 'सआदा' म्हणतात. ते खातं २०२० साली दुसऱ्या मंत्रालयात विलीन झालं, पण ही कल्पना मला फार आवडली. आपल्याकडे असं खातं निघालं असतं तर ते कुणाला द्यायचं यावरून आधी सरकार पडलं असतं. त्याच वर्षी जगातल्या सुखी देशांची यादी आली, तीत ते अठ्ठाविसावे होते आणि आपण ११८ वे. मला त्या क्रमांकाचं दुःख झालं नाही. आपल्याकडे 'सुखी आहे' असं परक्या माणसाला सांगायची पद्धतच नाही. दृष्ट लागते. 'चाललंय आपलं' ही आपल्या सुखाची परमावधी. ते कुठल्या रकान्यात बसतं?

दुबईच्या सरकारी कचेऱ्यांत २०१४ पासून काउंटरवर तीन चेहरे दाखवणारं यंत्र आलं. एक हसरा, एक निर्विकार, एक रडका. काम झालं की तुम्ही बोट लावायचं. हे यंत्र आमच्या शाखेत बसवलं तर काय होईल, याचा मी एका रात्री पडल्या पडल्या विचार केला. पेन्शनच्या दिवशी रडका चेहरा दुपारपर्यंत झिजून जाईल. मग हेड ऑफिसचं परिपत्रक येईल, की सदर चेहरा दुरुस्त होईपर्यंत ग्राहकांनी निर्विकार चेहऱ्याचा वापर करावा.

पण गंमत बघा. सुखाचे आपले निम्मे शब्द तिकडचेच आहेत. हौस अरबी, शौक अरबी. मौज अरबी, आणि तिचा मूळ अर्थ लाट. मौज म्हणजे लाट. येते आणि जाते, हे त्या दर्यावर्दी लोकांनी शब्दातच सांगून ठेवलं आहे.

अरबी शहरात आठ दिवस राहून अरब मला तिघेच भेटले. एक बाई, पासपोर्टवर शिक्का मारणारी. एक गृहस्थ मॉलमध्ये, पाच मुलांपैकी चौथं शोधत असलेले. आणि तिसरे एक वृद्ध, बस्तकियातल्या एका जुन्या घरात ज्यांनी आम्हाला काहवा पाजला. बिनकानाचा एवढासा पेला, वेलदोड्याचा वास, साखरेचं नाव नाही. पेला रिकामा झाला की भरतात, आणि तो हलवून दाखवल्याशिवाय थांबत नाहीत. मेहुण्याने हे आधी सांगून ठेवलं होतं. शेजारच्या गोऱ्या जोडप्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते पाचव्या पेल्याला घामाघूम झाले होते. आम्ही हिंदुस्थानातून आलो म्हणताच म्हातारबुवांचा चेहरा फुलला. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की लहानपणी त्यांचा बाप त्यांना डोळे दाखवायला मुंबईला घेऊन गेला होता. जुलै महिना होता. "बारिश," ते म्हणाले आणि वर बघून दोन्ही हात पसरले. "बारिश, बारिश, बारिश." साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा पाऊस त्यांच्या अंगावर अजून पडत होता. एके काळी अरब लोक खास पाऊस बघायला जुलैत मुंबईत येत आणि समुद्राकाठच्या हॉटेलांत खिडक्या उघड्या टाकून बसत, हे आपण ऐकलेलं असतं आणि हसण्यावारी नेलेलं असतं. ज्या पावसात आपली लोकल बंद पडते आणि चपलेचा अंगठा तुटतो, तो पाऊस त्यांची हौस होती. हसऱ्या चेहऱ्याला बोट लावायचं तर मी त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यालाच लावीन.

बाकी तीस लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरात दहांतले नऊ लोक बाहेरचे. मेहुण्याच्या मजल्यावर एक मल्याळी, एक फिलिपिनो, एक कराचीचा. कराचीवाला मेहुण्याच्या गणपतीला येतो आणि उकडीचे मोदक मोजून घेतो. भांडण म्हणून नाही. मेहुणा म्हणतो, "भावोजी, इथं कोणाचंच घर नाही, त्यामुळे कोणी कोणाच्या दारात चपला का काढल्या म्हणून विचारत नाही." एका परीने खरं आहे. रात्री बाराला बायका एकट्या फिरतात, बस वेळेवर येते, कचरा दिसत नाही. २००९ साली त्यांनी मेट्रो सुरू केली ती नवव्या महिन्याच्या नऊ तारखेला, रात्री नऊ वाजून नऊ मिनिटं नऊ सेकंदांनी. एवढा मुहूर्त तर आमच्या कुलोपाध्यायांनीही कधी गाठला नाही. पण नोकरी आहे तोवर व्हिसा आणि व्हिसा आहे तोवर मुक्काम. पैसेवाल्यांना आणि मोठ्या शिकलेल्यांना २०१९ पासून दहा-दहा वर्षांचा 'गोल्डन' व्हिसा मिळतो. बाकीच्यांचा साधा. इतकी वर्षं राहूनही मेहुण्याच्या घरात भिंतीला खिळा नाही. सगळे फोटो टेबलावर.

शेवटच्या आदल्या रात्री मी एकटाच देऱ्याहून परत येत होतो. खाडी ओलांडायला लाकडी होडी असते, तिला अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम. वीस माणसं पाठीला पाठ लावून बसतात. मी बसतो तोच पाठीमागून आवाज आला, "बँकवाले सायेब ना तुम्ही?"

वळून बघतो तर आमच्या गावचे चाचा. दर दोन वर्षांनी सुट्टीत आले की माझ्याच खिडकीशी येतात. देऱ्यात एका गोदामात कामाला. १९८९ साली आले. गावात त्यांचं तीन मजली घर आहे, पोपटी रंगाचं, दारात खजुराची दोन सिमेंटची झाडं. त्या घराचा हप्ता न् हप्ता माझ्या हातून गेला आहे.

"पुढल्या महिन्यात कायमचा जातोय," ते म्हणाले. "साठ झाली. शेठ म्हणाला, बस आता."

मी म्हटलं, "चांगलं झालं. चाची खूश असतील."

"असेल," चाचा म्हणाले. होडीचं इंजिन धडधडत होतं. दोन्ही काठांचे दिवे पाण्यात सांडले होते. "सायेब, लग्नाला बत्तीस वर्षं झाली. दोन वर्षांत दोन महिने रजा. मी मांडलाय हिशोब. दोन वर्षं आठ महिने. तेवढाच संसार झालाय आमचा. आता ती म्हणेल, हा कोण माणूस दिवसभर घरात बसलाय."

मी मनातल्या मनात पुन्हा गुणाकार केला. बरोबर होता.

समोरचा काठ जवळ येत होता. चाचांनी खिशातून कागद काढला. माझ्यासाठी नव्हे, सवयीने. "एक विचारायचं होतं. माझं ते खातं आहे, एनआरई. कायमचा गेलो तर बंद करावं लागतं काय?"

"बंद नाही. परदेशातल्या माणसाचं खातं असतं ते. तुम्ही परत आलात की ते साधं होतं. एक फॉर्म भरायचा, पासपोर्ट दाखवायचा. मी करून देईन."

"पासबुक तेच?"

"नवं मिळेल."

"आणि नाव?"

"नाव तेच राहील, चाचा. नुसता प्रकार बदलतो."

"मग ठीक आहे," चाचा म्हणाले. होडी काठाला लागली. नावाड्याने हात पुढे केला तेव्हा चाचांनी माझा हात मागे सारून दोन दिरहम त्याच्या हातावर ठेवले, आणि मी ते देऊ दिले.